कुत्र्याच्या मानेतली गोलाई

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात माझे जुने सहकारी बळवंतराव यांनी आमच्या रहाटांच्या कारखान्याच्या आठवणी लिहिल्या. लेख वाचनीय होता. त्यातली वाक्ये शुद्ध, उपमा नेटक्या आणि प्रसंग बहुतांशी खोटे होते. वरवट बकालच्या शाखेतला दोष आपणच हुडकला, लाकडी नमुन्याच्या विसर्जनाची कल्पनाही आपलीच, आणि रोहिणखेडच्या विहिरीवर दांडीच्या वाटेत प्रथम आपणच उभे राहिलो, अशी तीन विधाने त्यांनी छातीठोकपणे केली आहेत. संपादकांनी मला खुलाशासाठी अर्धे पान देऊ केले होते. तीन असत्ये अर्ध्या पानात मावत नाहीत, असे मी त्यांना कळवले. ते त्यांना पटले.

रहाट न पाहिलेली पिढी आता स्वतःच्या मुलांची लग्ने ठरवू लागली आहे, तेव्हा प्रथम थोडे समजावून सांगणे भाग आहे. महाराष्ट्र राज्य नवे होते त्या काळात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या विहिरींवर मोटेची जागा लोखंडी रहाट घेऊ लागला होता. विहिरीत पत्र्याच्या डब्यांची माळ सोडलेली, वर दातेरी चाके, आणि चाकांना जोडलेली एक लांब दांडी. बैल दांडी ओढत गोल फिरतो, माळ वर येते, डबे पन्हाळीत रिते होतात. दृश्य मोठे शांत असते. पण त्यात एक मेख आहे. बैल थांबला की भरलेल्या डब्यांचे वजन माळेला मागे खेचते, चाके उलटी फिरतात आणि दांडी गर्रकन मागे येते. तिच्या वाटेत बैलाचे पाय असोत की माणसाची कंबर, ती विचारीत नाही. हे होऊ नये म्हणून चाकाच्या दात्यांवर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक जीभ टेकलेली असते. चाक पुढे जाताना ती दात्यादात्यावर टकटक करीत उड्या मारते आणि चाक मागे येऊ लागले की दात्यात रुतून बसते. राखण करतो म्हणून आम्ही तिला कुत्रा म्हणत असू.

मलकापूरच्या आमच्या मूळ कारखान्यात मी नमुने करणारा मिस्त्री होतो. बिडाची कोणतीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो ओलसर वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. रस निवताना आकसतो, म्हणून नमुना हव्या त्या मापाहून किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी माझ्याजवळ एक निराळी पट्टी असे, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून थोर होता. कापडाच्या दुकानदाराने ती वापरली असती तर त्याचे दिवाळे निघाले असते. मी खरी पट्टी वापरली असती तर कारखान्याचे निघाले असते.

आता मूळ मुद्दा. कुत्र्याचे डोके धडाला जेथे मिळते त्या मानेत जुन्या नमुन्यात नेमका काटकोन होता, आणि आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यातच बीड तडकते. एका उन्हाळ्यात मी त्या कोपऱ्यात मेणाची वळी भरली, अंगठ्याने दाबून तिला गोलाई दिली आणि वरून लाखेचा हात फिरवला. बदल एवढाच, माझ्या अंगठ्याएवढा. त्या गोलाईचे नमुने मी चिखली आणि वरवट बकाल या शाखांना दसऱ्याआधी धाडले; विकलेल्या रहाटांचे जुने कुत्रे बदलून द्यावेत, असेही सर्व शाखांना कळवले. देऊळगाव राजाच्या शाखेने आपला नमुना चिखलीच्या नमुन्यावरून स्वतः करून घेतला. शाखा हा शब्द भारदस्त वाटतो; प्रत्यक्षात एक टिनाचे छप्पर, एक भट्टी आणि भट्टीइतकाच तापट एक व्यवस्थापक, एवढ्याला आम्ही शाखा म्हणत होतो. वरवट बकालचे व्यवस्थापक होते बळवंतराव.

त्या हिवाळ्यात, गहू ओंबीवर येत असताना, रोहिणखेडचे सुखदेव नावाचे एक शेतकरी आमच्या कारखान्यात शिरले आणि उपरण्यात बांधून आणलेले बिडाचे दोन तुकडे त्यांनी मालकांच्या टेबलावर ओतले.

"हे पाहा जी," ते म्हणाले, "तुमचं कुत्रं मेलं. मरता मरता माह्या बैलाले संगं घेऊन जात होतं."

आमचे मालक नानासाहेब सज्जन होते आणि सज्जन माणसासारखेच लवकर घाबरत. "तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

"मले काय होते! दांडी उलटी फिरली, मले उचललं अन् मेथीच्या वाफ्यात नेऊन बसवलं. मेथी गेली. बैल उडी मारून वाचला. त्याले अक्कल हाये."

मी तुकडे जुळवून पाहिले. मानेत गोलाईचा मागमूस नव्हता. कोपरा सुरीसारखा होता. पण सुखदेवांनी रहाट दिवाळीनंतर, मलकापूरच्या बाजारातल्या एका अडत्याकडून घेतला होता. तो अडत्या सर्व शाखांचा माल विकी आणि सर्व मालावर आमच्या कारखान्याची एकच मोहोर असे. म्हणजे तुकडे आमचेच. मलकापूरचे ओतकाम माझ्या डोळ्यांदेखत होई, तेव्हा ते तिथले नव्हते; पण कोणत्या शाखेचे, ते तुकडे सांगत नव्हते.

बळवंतराव त्या दिवशी कामानिमित्त मलकापुरातच होते. त्यांनी तुकड्यांकडे पाहिले न पाहिले आणि निकाल दिला. "गोलाईचा नमुना दसऱ्याआधी पोचला. हा रहाट दिवाळीनंतरचा. म्हणजे गोलाई असूनही कुत्रा तुटला. मिस्त्री, तुमच्या मेणात दम नाही."

"ह्या तुकड्यात गोलाई कुठं आहे, तेवढं बोट ठेवून दाखवा."

"तुटताना उडाली असेल."

"उडाली?" मी म्हणालो. "गोलाई हाये का चिमणी?"

सुखदेव मोठ्याने हसले. बळवंतरावांच्या लेखात हा संवाद नाही.

मी नानासाहेबांना जे सांगितले ते येथे जसेच्या तसे देतो, कारण माझ्या साऱ्या नोकरीचे सार त्यात आहे. वस्तू कधी ओतली हे विचारून काही कळत नाही. ती कशावरून ओतली, हे विचारावे लागते. बदलानंतर जन्मलेल्या प्रत्येक कुत्र्यात बदल असेलच असे नाही. ज्याचा बाप गोलाईचा, त्यालाच गोलाई. आज पहाटे ओतलेला कुत्राही जर जुन्या वंशातला असेल तर तो जुनाच. म्हणून कोणत्या शाखेत कोणत्या वंशाचा नमुना वाळूत जातो, ते प्रत्यक्ष जाऊन पाहिले पाहिजे.

"तोवर सगळे रहाट बंद ठेवा," नानासाहेब म्हणाले. "सगळ्या शाखांना निरोप धाडा."

"बंद?" सुखदेव उठून उभे राहिले. "गहू निसवून राह्यला जी! आता पानी तोडलं तर काय त्याले थुकून भिजवू?"

पेच हा असा होता. रहाट चालू ठेवावेत तर कोणाचे तरी पाय जातील, बंद ठेवावेत तर शेकडो शेतांतला गहू जाईल. अडत्याकडचा माल सोडला तर आपला रहाट कोणत्या शाखेचा, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. गोलाई कोणत्या शाखेत आहे आणि कोणत्या शाखेत नाही, एवढे निश्चित झाले की निम्म्याहून अधिक विहिरी त्याच दिवशी सुरू होऊ शकत होत्या. ते निश्चित करण्याचे काम माझ्याकडे आले. सुखदेवांनी जाहीर केले, "मी बी येतो. गहू उभा वाळून राह्यला, मी घरी बसून काय करू?" आणि ते खरोखरच माझ्याबरोबर बसमध्ये चढले.

चिखलीला फार वेळ लागला नाही. तिथला नमुना वाळूत जाऊन जाऊन गुळगुळीत झाला होता. मानेत अंगठा ठेवला तो घरी आल्यासारखा बसला. देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळापुढून जाताना सुखदेवांनी हात जोडून मोठ्याने साकडे घातले, "देवा, गोलाई सापडू दे, नाहीतर मिस्त्रीले तरी अक्कल दे." तिथल्या सुताराने मला बजावले की हा नमुना सर्वस्वी त्याचा आहे, चिखलीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आता, चिखलीला धाडलेल्या माझ्या नमुन्यात सागाच्या एका गाठीपाशी छोटा खळगा राहून गेला होता. त्या भल्या माणसाने तो खळगासुद्धा इमानाने कोरून काढला होता. खळगा आला होता, त्याअर्थी गोलाईही येणारच, आणि होतीच. मी त्याच्या कारागिरीची मनापासून स्तुती केली. त्या दोन्ही शाखांचे रहाट सुरू करावेत, असा निरोप बसच्या कंडक्टरबरोबर मलकापूरला धाडला आणि आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरवट बकालला निघालो.

बळवंतराव आमची वाटच पाहत होते. त्यांनी आपले रहाट बंद केलेच नव्हते. "ज्या शाखेत दोष नाही, तिने का थांबावे?" असा त्यांचा सवाल होता. त्यांनी आम्हाला सरळ कोनाड्यापाशी नेले. तेथे माझा नमुना विराजमान होता. तांबड्या लाखेवर हळदकुंकू, गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ, पुढे सुपारी. "खंडेनवमीला हत्यारांबरोबर मी स्वतः पूजा केली," ते म्हणाले. "आता घाला अंगठा."

मी घातला. गोलाई होती. हळदीने भरलेली, पण अगदी माझीच.

त्या दुपारचे जेवण मला आजही आठवते. वांग्याची झणझणीत भाजी होती, ज्वारीची भाकर होती आणि प्रत्येक घासाला बळवंतरावांचे तोंडी लावणे होते. "नानासाहेबांना काय सांगाल मिस्त्री? गोलाई आहे, आणि निरुपयोगी आहे, असंच ना?" सुखदेव मान खाली घालून जेवत होते, त्यांचा गहू माझ्या अंगठ्यावर अवलंबून होता आणि तो अंगठा त्या क्षणी नुसती भाकर मोडत होता.

जेवून आम्ही बसच्या वाटेला लागलो. गावाबाहेर एका मळ्यात रहाट चालू होता आणि गंगाबाई नावाच्या एक बाई दांडीवर बसून बैल हाकत होत्या. पाणी प्यावे म्हणून आम्ही वळलो. पण विहिरीपर्यंत पोचण्याआधीच माझे पाय थबकले. लोक नंतर सांगू लागले की वैद्य छातीला लावतो तसा मी जमिनीला कान लावला. हे साफ खोटे आहे. मी उभाच होतो आणि मला तहान लागली होती. पण ज्याने आयुष्यभर कुत्रे केले त्याला त्यांचे भुंकणे कळते. माझ्या मापाचा कुत्रा दात्यावर पडला की खणखणीत 'टक्क' म्हणतो. हा 'टप टप' करीत होता, दात्याच्या मुळाशी उशिरा, दबकत पडत होता.

"बाई, थांबवा. हळूच थांबवा आणि आधी खाली उतरा."

"काऊन जी? कोन तुमी?"

"ह्या कुत्र्याचा बाप कोन, ते पाहाले आलेला मानूस."

गंगाबाई उतरल्या त्या बहुधा मला वेडा समजूनच. माळ रिकामी होऊ दिली, कुत्रा उचलला आणि मानेत अंगठा घातला. अंगठा बसला नाही. नख कोपऱ्यात अडकले. पट्टी लावली, तर कुत्रा माझ्या मापाहून चांगला नखभर खुजा. हे खुजेपण कोठून येते, हे ओतकाम करणारा कोणीही सांगेल. लाकडी नमुन्यावरून ओतलेला कुत्रा बरोबर मापाचा होतो. त्या लोखंडी कुत्र्यालाच नमुना मानून दुसरा ओतला तर तो आकसून लहान होतो; त्याच्यावरून तिसरा ओतला तर आणखी लहान. माझ्या हातात लेक नव्हता, पणतू होता. आणि तो जुन्या, काटकोनी वंशाचा पणतू होता.

"उडाली का जी गोलाई?" सुखदेवांनी विचारले.

"नाही. कधी बसलीच नव्हती," मी म्हणालो. आम्ही दोघे जवळजवळ पळतच परत आलो.

बळवंतराव छपराबाहेर विडा जमवीत होते. त्यांना ओलांडून मी थेट भट्टीशी गेलो. तेथे महादू ओतारी वाळू भिजवीत होता. त्याच्यासारखी वाळू दाबणारा हात मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. तो आता नाही, आणि त्याच्या हाताला शोभेल असे कामही आता उरलेले नाही.

"महादू, कुत्रा ओतताना वाळूत काय दाबतो?"

त्याने पायाशी पडलेला एक गंजका, खुजा कुत्रा दाखवला. "हे. एक झिजलं का त्याच्याच ओतीवातलं दुसरं घेतो."

"अन् कोनाड्यातला?"

महादूने जीभ चावली. "तो पुजलेला हाये न जी! सायबानं सोता हळदकुंकू वाह्यलं. पुजलेली वस्तू वाळूत कशी गाडाव? पाप लागते."

माझ्यामागे बळवंतराव येऊन उभे होते. त्यांच्या हातातला विडा तसाच राहिला. दसऱ्यापासून त्यांच्या शाखेने बदल भक्तिभावाने स्वीकारला होता, रोज त्याला उदबत्ती ओवाळली होती आणि एकदाही वाळूला लावला नव्हता. बळवंतरावांनी लिहिले आहे की मी 'असुरी हास्य' केले. हसले ते सुखदेव. आणि ते इतके हसले की त्यांना भट्टीचा खांब धरावा लागला.

बळवंतरावांविषयी एक गोष्ट न्यायाने नोंदवतो. त्यांनी सबब सांगितली नाही. डोक्यावरची टोपी काढून ते म्हणाले, "आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवर माणसं पाठवा. आपले रहाट ताबडतोब थांबवा. महादू, तो नमुना काढ आणि ओतायला घे."

"नाही जमत सायेब. दुसरं काही बी सांगा."

बळवंतरावांनी समजावले, रागावले, शेवटी हात जोडले. मी नवा नमुना करून देतो म्हणालो. पण त्याला लाकूड, मेण, लाख आणि वेळ लागणार, आणि गहू थांबायला तयार नव्हता. अखेर महादूची आई, काशीबाई, जी इतका वेळ कोळसा निवडत होती, ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन रे महाद्या, गनपतीले धा दिवस पुजतं अन् मंग पान्यात बुडवतं, तवा तुले पाप नाही लागत?"

"तो पान्यात आई. हे वाळूत."

"ज्याचं जिथं काम, त्याचं तिथं इसर्जन!"

ही कल्पना माझी नव्हती, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण ती बळवंतरावांची तर मुळीच नव्हती. ती काशीबाईंची होती, आणि ती ऐकणारे किमान तीन लोक अजून हयात आहेत.

मग जे झाले तसा सोहळा कोणत्याही कारखान्याने पाहिला नसेल. कोणीतरी डफडे आणले. बळवंतरावांनी रीतसर अक्षता वाहिल्या, नमुना पाटावर घेतला, आणि कोनाड्यापासून भट्टीपर्यंतचे ते दहा-वीस पावलांचे अंतर आम्ही आख्ख्या गावाला वळसा घालून पार केले, कारण सुखदेवांच्या मते मिरवणुकीशिवाय विसर्जन लागू होत नाही. वाटेत बायांनी पाटावर पाणी घातले. गुलाल नव्हता तर कोणी विटेची भुकटी उधळली. "पुढल्या वर्षी लवकर या" असे सुखदेव ओरडले, तेव्हा महादू म्हणाला, "पुढल्या वर्षी कायचं, आता रोजच या!" आणि त्याने दोन्ही हातांनी नमुना कपाळाला लावून वाळूत दाबला. पोकळीच्या मानेत माझी गोलाई स्पष्ट उमटली. कडेने थोडी हळदही.

ओतलेले कुत्रे निवले तसे आम्ही विहिरीविहिरींवर नेले. शोधायला कागदपत्र लागले नाही; टप टप करणारा रहाट पाहायचा आणि कुत्रा बदलायचा. गंगाबाईंचा पहिला बदलला. त्यांनी दांडीवर बसून एक फेरा घेतला आणि म्हणाल्या, "आता बोलला नीट." वरवट बकालची शाखा सोडून बाकी जिल्ह्यातले रहाट तोवर सुरू झाले होते, आता तिथलेही झाले. गहू कोणाचा गेला नाही. सुखदेवांची मेथी तेवढी गेली होती.

उरला होता त्यांचाच रहाट. रोहिणखेडला मी स्वतः गेलो आणि न बोलावता बळवंतरावही आले. महादूच्या हातचा कुत्रा त्यांनी आपल्या हाताने बसवला. त्याआधी त्याच्या मानेत आपला अंगठा घालून पाहिला आणि हळूच म्हणाले, "आहे." लेखात त्यांनी हा शब्द गाळला आहे.

मी सुखदेवांना सांगितले, आता खुशाल चालवा.

सुखदेव जागचे हलले नाहीत. "तुमी म्हनता, मी ऐकतो जी. पन मेथीत एकदा बसलो, आता दुसऱ्या डावाले मन होत नाही. बैल फिरवतो, माळ भरून घेतो, अन् बैल सोडतो. दांडीच्या मांगं तुमी उभे राहा. मंग मानीन."

गाव जमा झाले होते. मी कोट काढून खांबाला लावला आणि दांडीच्या मागे, तिच्या अगदी वाटेवर, जाऊन उभा राहिलो. मी आधी उभा राहिलो. हे मी पुन्हा लिहितो. त्यानंतर बळवंतरावांनी टोपी सारखी केली आणि ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कोणी त्यांना सांगितले नव्हते. ते आधी आले नाहीत. पण आले, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहितो.

बैल फिरला. टक्क, टक्क, टक्क. डबे तोंडोतोंड भरून वर आले. सुखदेवांनी बैलाला थांबवले, जू सोडले आणि ते बाजूला झाले. माळेने आपले सारे वजन मागे टाकले. चाक करकरले, कुत्रा दात्यात रुतला. दांडी तसूभरही हलली नाही.

मीही हललो नाही आणि बळवंतरावही हलले नाहीत. कोणी आधी हलायचे, हा प्रश्न आमच्यात शिल्लक होता. लोक टाळ्या वाजवून थांबले, बैलाने शेपटी हलवली, आणि आम्ही दोघे दांडीच्या वाटेत तसेच उभे.

शेवटी सुखदेव बैलाला परत जुंपायला घेऊन आले.

"झालं का जी तुमचं?" ते म्हणाले. "सरका आता बाजूले. गव्हाले पानी जाऊ द्या."